अखेरचा उतारा

टेनिसच्या रसिकांची एक तक्रार दिवाळीच्या तोंडावर दरवर्षी ठरल्यासारखी ऐकू येते. जानेवारीत ऑस्ट्रेलियाचे ऊन अंगावर घेऊन ज्यांनी पाच-पाच सेट झुंज दिली, जुलैत विम्बल्डनच्या हिरवळीवर ज्यांचे फटके पाहताना आपण पुढचे ताट विसरलो, तेच खेळाडू ऑक्टोबर-नोव्हेंबरात नुसत्या पाट्या टाकतात, असे या रसिकांचे म्हणणे. कोणी नावाजलेला खेळाडू पहिल्याच सामन्यात एखाद्या अनोळखी गड्याकडून हरतो. दुसरा पाठीचे दुखणे पुढे करून नाव मागे घेतो. तिसरा कोर्टावर येतो खरा, पण त्याचे सारे लक्ष घरी जाणाऱ्या विमानाकडे लागले आहे असे वाटते. मग निकाल दिला जातो : 'यांना आता खेळायचेच नाही.' किंवा त्याहूनही कडक आणि त्याहूनही सोपा निकाल : 'हा आता संपला!'

हा निकाल घाईचा आहे असे माझे मत आहे, आणि ते का आहे ते येथे मांडावयाचे आहे. मी या खेळाचा केवळ प्रेक्षक. त्यातून मी नगर जिल्ह्यातला, म्हणजे कागदोपत्री आता अहिल्यानगर जिल्ह्यातला. ज्या जिल्ह्याची ओळख उसाने, ज्वारीने आणि दुष्काळाने होते, तेथील माणसाने पॅरिस आणि शांघायच्या टेनिसवर बोलावे हे कोणास चमत्कारिक वाटेल. तथापि 'हंगामाची अखेर' या विषयावर बोलण्याचा अधिकार आमच्या जिल्ह्याइतका कोणास असेल असे मला वाटत नाही.

आमच्याकडे नुसता 'हंगाम' म्हटले की तो गळीत हंगाम. प्रवरेच्या काठी लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. तेव्हापासून आमच्या पंचांगात सणांच्या बरोबरीने बॉयलरच्या अग्निप्रदीपनाला स्थान आहे. त्या कारखानदारीने आमच्या बोलण्यात एक मोठा अर्थपूर्ण शब्द रुजविला, तो म्हणजे 'उतारा'. शंभर किलो ऊस गाळला तर त्यातून किती किलो साखर हाती आली, तो उतारा. दहा-अकरा किलो आली तर माणसे समाधानाने मान हलवितात. हा उतारा हंगामभर एकसारखा राहत नाही. दिवाळीच्या सुमारास ऊस पुरता पिकलेला नसतो, तेव्हा उतारा कमी. थंडी पडली की कांड्यांत साखर भरते, आणि जानेवारी-फेब्रुवारीत उतारा शिखरावर जातो. पुढे चैत्राचे ऊन तापू लागले की उसाचे वजन घटते आणि उताराही उतरतो.

आता गंमत अशी की, एप्रिलात उतारा घसरला म्हणून कारखान्यावरचा कोणीही शहाणा माणूस 'उसाची आता इच्छाच राहिली नाही' असे म्हणत नाही. तो चार प्रश्न विचारतो. लागण कधीची? ऊस आडसाली आहे, सुरू आहे, की खोडवा? तोड कधी झाली? आणि तोडल्यावर तो किती दिवस उन्हात पडून होता? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय तो उसाला नावे ठेवीत नाही. उसाच्या बाबतीत आपण जेवढी चौकशी करतो तेवढीही खेळाडूच्या बाबतीत करीत नाही, हे माझे मुख्य गाऱ्हाणे आहे.

टेनिसचे वर्ष कसे चालते, ते ज्यांनी या खेळाचा फारसा पाठपुरावा केलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हंगाम जानेवारीत ऑस्ट्रेलियात सुरू होतो. मे-जूनमध्ये पॅरिसची लाल माती, त्यापाठोपाठ विम्बल्डनचे गवत, ऑगस्ट-सप्टेंबरात न्यूयॉर्क. या चार थोर स्पर्धा आटोपल्या की सामान्य प्रेक्षकाच्या लेखी वर्ष संपते. खेळाडूचे मात्र संपत नाही. तो टोकियो, बीजिंग, शांघाय करीत पूर्वेकडे हिंडतो, तेथून व्हिएन्ना किंवा बाझेलला परततो, मग पुन्हा पॅरिसला जातो आणि तेथे बंदिस्त सभागृहात खेळतो. नोव्हेंबरच्या मध्यास वर्षातले पहिले आठ खेळाडू अखेरच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. ही स्पर्धा २०२१ पासून इटलीत तुरिन येथे होऊ लागली. म्हणजे साडेदहा महिन्यांची ही वारी, आणि तीही चार खंडांतून.

क्रमवारीचे गणित तर सावकाराच्या खातेवहीसारखे आहे. खेळाडूचे गुण बावन्न आठवडे टिकतात. गेल्या वर्षी ज्या स्पर्धेत गुण मिळविले ती स्पर्धा यंदा पुन्हा आली की ते जुने गुण वजा होतात. त्यामुळे मागील शरद ऋतूत जो जिंकला त्याला या शरद ऋतूत पुन्हा जिंकावे लागते, आणि तेही पुढे जाण्यासाठी नाही, आहे तेथेच राहण्यासाठी! त्यातून मोठ्या स्पर्धांपैकी बहुतेकींना वरच्या क्रमांकाच्या खेळाडूंनी हजर राहणे सक्तीचे असते. सक्तीची हजेरी आणि मनापासूनची ईर्षा या एकाच मस्टरवर सह्या करतात. प्रेक्षकाला त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत आणि येथूनच गैरसमजाला सुरुवात होते.

याचे उदाहरण म्हणून एकट्या शांघायच्या स्पर्धेतले तीन प्रसंग घेऊ. तिन्ही ऑक्टोबरातले आहेत.

पहिला २०१६ चा. ऑस्ट्रेलियाच्या निक किर्गिओसने टोकियोची स्पर्धा जिंकली आणि अवघ्या तीन दिवसांनी तो शांघायच्या कोर्टावर उतरला. समोर जर्मनीचा मिशा झ्वेरेव्ह होता. किर्गिओसने सर्व्हिस नुसती ढकलल्यासारखी केली, आणि एकदा तर चेंडू पलीकडे पोचण्याआधीच तो आपल्या खुर्चीकडे चालू लागला. ६-३, ६-१, असा सामना अठ्ठेचाळीस मिनिटांत आटोपला. त्याला दंड झाला आणि पुढे काही आठवडे त्याच्यावर बंदीही आली. आता याला 'फॉर्म गेला' म्हणता येईल काय? ज्या हाताने रविवारी करंडक उचलला त्या हातातले कसब बुधवारी नाहीसे होत नसते. फॉर्म जागेवर होता, मन जागेवर नव्हते.

दुसरा प्रसंग २०२५ चा. इटलीचा यानिक सिनर आदल्या वर्षीचा विजेता म्हणून शांघायला आला होता. समोर होता हॉलंडचा टालोन ग्रीकस्पूर. हाच ग्रीकस्पूर २०२३ च्या जानेवारीत पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्र ओपन जिंकून गेला होता, हे आपल्याकडील काही वाचकांस आठवत असेल. हवा दमट आणि उकाडा असह्य. तिसऱ्या सेटमध्ये सिनरच्या पायांत असे गोळे आले की त्याला चालवेना. लंगडत, रॅकेटचा काठीसारखा आधार घेत त्याने कोर्ट सोडले. येथे नेमके उलटे होते : मन जागेवर होते, शरीराने साथ सोडली. त्या रात्री 'आता याचे यंदाचे आटोपले' असे म्हणणाऱ्यांची संख्या थोडी नसावी. पुढे काय झाले? तोच सिनर व्हिएन्ना जिंकला, पॅरिस जिंकला आणि नोव्हेंबरात तुरिनला कार्लोस आल्काराझला हरवून अखेरची स्पर्धाही जिंकला. लंगडण्यापासून करंडकापर्यंतचे अंतर अवघ्या सहा आठवड्यांचे होते.

तिसरा प्रसंग त्याच २०२५ च्या त्याच स्पर्धेतला, आणि मला तो तिघांतही अधिक बोलका वाटतो. मोनॅकोचा व्हालेन्तिन व्हाशेरो क्रमवारीत २०४ वा होता. मुख्य स्पर्धेत त्याला जागा नव्हती. पात्रता फेरी खेळून तो आत आला. एकेक करीत पुढे सरकला, उपान्त्य फेरीत त्याने नोव्हाक जोकोविचला हरविले आणि अंतिम सामन्यात गाठ पडली ती त्याच्या स्वतःच्या मावस-आत्ये नात्यातल्या भावाशी, फ्रान्सच्या आर्तूर रिंडरक्नेशशी. पहिला सेट गमावून व्हाशेरो जिंकला. इतक्या खालच्या क्रमांकाच्या खेळाडूने या दर्जाची स्पर्धा पूर्वी कधीही जिंकली नव्हती. ज्या आठवड्यात थोरामोठ्यांचा उतारा घसरला म्हणून आपण हळहळत होतो, त्याच आठवड्यात या माणसाचा ऊस नुकता कोठे साखर धरीत होता.

या तीन प्रसंगांवरून मला जे दिसते ते असे. फॉर्म आणि ईर्षा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. फॉर्म हा शरीराचा आणि सवयीचा धर्म. तो थकव्याने, उकाड्याने, प्रवासाने झिजतो आणि विश्रांतीने भरून येतो. ईर्षेचे तसे नाही. ती कोणत्या गोष्टीसाठी खेळावयाचे यावर अवलंबून असते. तिसरी गोष्ट या दोहोंहून निराळी, आणि ती म्हणजे खेळाडूचा स्वतःचा हंगाम. दिनदर्शिकेवर ऑक्टोबर सर्वांचा एकाच दिवशी येतो, पण एकाची ती सुगी असते आणि दुसऱ्याची पेरणी.

विश्रांतीचे महत्त्व किती, हे २०११ साली दिसले. त्या वर्षी जोकोविचने वर्षारंभापासून सलग ४१ सामने जिंकले होते आणि चारांपैकी तीन थोर स्पर्धा त्याच्या नावावर लागल्या होत्या. रॉजर फेडररच्या पदरात मात्र त्यांपैकी एकही पडली नव्हती. न्यूयॉर्कला तर उपान्त्य सामन्यात दोन मॅच पॉइंट हाती असताना तो जोकोविचकडून हरला. वयाची तिशी त्याने नुकतीच गाठली होती. 'फेडरर संपला' हे वाक्य त्या सप्टेंबरात किती जणांच्या तोंडी आले असेल! फेडररने शांघायची स्पर्धा सोडली, शरीर आणि मन दोन्हींना सवड दिली, आणि मग बाझेल, पॅरिस, लंडन अशा तीन स्पर्धा ओळीने जिंकल्या. तिकडे वर्षभर धावलेला जोकोविच दुखावलेल्या शरीराने लंडनला आला आणि गटातूनच बाहेर पडला. दोघांची प्रतिभा तीच, दोघांची ईर्षाही तीच. एकाचा ऊस वेळेवर तोडला गेला होता, दुसऱ्याचा उन्हात पडून होता.

येथे एखादा वाचक विचारील, 'मग अखेरपर्यंत जीव तोडून खेळणारा तोच खरा, असे तुम्हांस म्हणावयाचे आहे काय?' मला तसे म्हणवत नाही. अँडी मरेचे उदाहरण आडवे येते. २०१६ च्या जूनमध्ये चारही थोर स्पर्धा एकाच वेळी जोकोविचच्या ताब्यात होत्या, आणि त्याला पहिल्या क्रमांकावरून कोणी हलवील हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. मरेने ते मनावर घेतले. बीजिंग, शांघाय, व्हिएन्ना, पॅरिस अशा एकापाठोपाठ एक स्पर्धा त्याने जिंकल्या. ७ नोव्हेंबर २०१६ रोजी तो पहिल्या क्रमांकावर आला आणि लंडनच्या अखेरच्या सामन्यात जोकोविचला ६-३, ६-४ असे हरवून त्याने तो क्रमांक वर्षअखेर राखला. हंगामाच्या शेवटी ईर्षा म्हणजे काय, याचे याहून देखणे दर्शन मला तरी आठवत नाही. पण पुढच्याच वर्षी त्याच्या कमरेच्या सांध्याने दगा दिला. २०१८ च्या जानेवारीत शस्त्रक्रिया झाली, वर्षभराने दुसरी झाली, आणि पहिल्या क्रमांकाचा तो मरे पुन्हा दिसला नाही. ते दुखणे जुने होते आणि त्या तीन महिन्यांच्या माथी सर्व दोष मारणे न्यायाचे होणार नाही. तरीसुद्धा हे वर्ष पाहिल्यावर, पाठ धरून घरी परतणाऱ्या खेळाडूला 'भित्रा' म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही. कोठे थांबावे हे ठरविणे हाही खेळाचाच भाग आहे.

आतापर्यंत मी शिखरावरच्या माणसांविषयी बोललो. पण हंगामअखेरीची खरी ओढाताण पाहावयाची असेल तर खालच्या पायऱ्यांवर पाहावी, आणि त्यासाठी पॅरिसला जाण्याची गरज नाही. नगरहून एस. टी.त बसावे आणि पुण्याला उतरावे. २०१७ च्या नोव्हेंबरात, जेव्हा लंडनला जगातले आठ श्रेष्ठ खेळाडू दिव्यांच्या झगमगाटात खेळत होते, त्याच आठवड्यात बालेवाडीत चॅलेंजर दर्जाची एक स्पर्धा चालली होती. अंतिम सामना दोन भारतीयांत झाला. युकी भांबरीने पहिला सेट गमावूनही रामकुमार रामनाथनला हरविले. या स्पर्धेचे मोल काय? ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य स्पर्धेत १२८ जणांना जागा असते. त्यांपैकी १०४ जागा सरळ क्रमवारीवरून भरतात, आणि ती क्रमवारी वर्षअखेरीचीच धरली जाते. म्हणून शंभराच्या आसपास असलेल्या खेळाडूला नोव्हेंबरातला एकेक सामना सोन्याच्या मोलाचा. २०२५ साली तेथे नुसता पहिला सामना हरणाऱ्यालाही १ लाख ३२ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. एवढ्या रकमेत खालच्या खेळाडूचा प्रशिक्षक, प्रवास आणि उपचार यांची बरीचशी सोय होते. युकी त्या वेळी शंभरात नव्हता. पुढे जानेवारी २०१८ मध्ये तो पात्रता फेरीतून मेलबर्नच्या मुख्य स्पर्धेत पोचला आणि त्याच वर्षी पहिल्या शंभरांतही आला. लंडनला त्या आठवड्यात खेळणाऱ्यांना सुट्टीचे वेध लागले असतील तर नवल नाही, पण बालेवाडीत खेळणाऱ्याला सुट्टी परवडणारी नव्हती.

आमच्या जिल्ह्याला हे चित्र अपरिचित नाही. हंगाम संपत येतो तेव्हा कारखान्याचा अंमलदार हिशेबाच्या घाईत असतो, बागायतदार आपला ऊस मागे राहील म्हणून बेचैन असतो, आणि पाथर्डी-शेवगावकडून आलेला ऊसतोडणी कामगार घेतलेली उचल फिटली की नाही याची मनात गोळाबेरीज करीत असतो. फड एक, दिवसही एक. तिघांच्या मनातली अखेर मात्र तीन प्रकारची.

टेनिसमध्ये आमच्या जिल्ह्याने अजून जगाला देण्याजोगे नाव दिलेले नाही, हे मान्य केले पाहिजे. क्रिकेटमध्ये मात्र दिले आहे, आणि हंगामाच्या अखेरीचा धडा त्याहून चांगला कोणी दिला असेल असे मला वाटत नाही. अजिंक्य रहाणेचा जन्म संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. वाढला मात्र तो डोंबिवलीत. २०२३ च्या जूनमध्ये ओव्हलवर, कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात, सतरा महिन्यांनी संघात परतून त्याने ८९ आणि ४६ धावा केल्या. दोनच कसोटी सामन्यांनंतर तो पुन्हा संघाबाहेर गेला. त्यानंतरचा २०२३-२४ चा रणजी हंगाम त्याने मुंबईचा कर्णधार म्हणून खेळला, आणि फलंदाज म्हणून तो हंगाम त्याला अगदी कोरडा गेला. संघ जिंकत होता आणि कर्णधाराच्या धावा होत नव्हत्या. १० मार्च २०२४ ला वानखेडेवर विदर्भाविरुद्ध अंतिम सामना सुरू झाला तेव्हाही पहिल्या डावात तो ७ धावांवर बाद झाला. दुसऱ्या डावात दोन्ही सलामीवीर लवकर परतले आणि मग, हंगामाच्या अगदी शेवटच्या डावात, रहाणेने ७३ धावा केल्या. मुशीर खान त्याच्या निम्म्या वयाचा. त्याच्याबरोबर त्याने शतकी भागीदारी केली. मुशीरचे शतक झाले, मुंबई १६९ धावांनी जिंकली आणि आठ वर्षांनी तो करंडक बेचाळिसाव्यांदा मुंबईत आला.

केवळ सरासरी पाहणारा टीकाकार या हंगामाला नापास करील, आणि आकडे त्याच्या बाजूने साक्षही देतील. पण ज्या डावात धावा हव्या होत्या त्या डावात त्या आल्या, ही गोष्ट सरासरीत कोठे दिसते?

याच सामन्यातला आणखी एक प्रसंग येथे नोंदवावासा वाटतो. वेगवान गोलंदाज धवल कुलकर्णी याचा हा शेवटचा सामना होता. पहिल्या डावात त्याने तीन बळी घेतले होते. दुसऱ्या डावात विदर्भाचा अखेरचा गडी उरला तेव्हा रहाणेने चेंडू त्याच्या हाती दिला, आणि त्याने उमेश यादवचा त्रिफळा उडवून सामना व आपली कारकीर्द एकाच चेंडूवर संपविली. आपल्याकडे मैफल भैरवीने संपते. रात्रभर गाऊन गळा थकलेला असतो, हे श्रोत्यांस ठाऊक असते. भैरवीत कोणी तानांची संख्या मोजीत बसत नाही. कर्णधाराला ती समज होती, म्हणून ते शेवटचे षटक हिशेबापलीकडचे झाले.

आणि रहाणेचा हंगाम तरी तेथे संपला काय? २०२४ च्या अखेरीस मुश्ताक अली करंडकाच्या वीस षटकांच्या स्पर्धेत सर्वांत अधिक धावा त्याच्याच झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याने मुंबईचे कर्णधारपद सोडले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, दिवाळी नुकती सरली असताना, सदतिसाव्या वर्षी छत्तीसगडविरुद्ध १५९ धावा काढल्या. आमच्याकडे याला खोडवा म्हणतात. ऊस तोडून नेला तरी बुडखा जमिनीत राहतो, त्याला पुन्हा फुटवे येतात आणि दुसरे पीक उभे राहते. खोडव्याला नव्या बेण्याचा खर्च नाही. तो कमी उतरतो तो बहुधा शेतकरी त्याकडे दुर्लक्ष करतो म्हणून. श्रीरामपूरचा झहीर खान २००६ साली असाच भारतीय संघाबाहेर पडला होता. तो इंग्लंडला जाऊन वूस्टरशरकडून एक अख्खा हंगाम गोलंदाजी करीत राहिला आणि कौंटी स्पर्धेत त्याने ७८ बळी घेतले. त्या मशागतीचे पीक २०११ च्या विश्वचषकात देशाला मिळाले; तेथे त्याने २१ बळी घेतले. त्यालाही २००६ च्या आरंभी 'संपला' म्हणणारे होतेच.

मग वाईट खेळाला वाईट म्हणूच नये काय? अवश्य म्हणावे. किर्गिओसच्या त्या अठ्ठेचाळीस मिनिटांना मी वाईटच म्हणतो, कारण त्याने प्रतिस्पर्ध्याचा आणि पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकाचा अनादर केला. माझा आग्रह एवढाच की, निकाल देण्यापूर्वी चौकशी व्हावी. हा माणूस वर्षभर किती खेळला? या आठवड्यात त्याला मिळविण्याजोगे, किंवा गमावण्याजोगे, काय आहे? हरताना त्याने शेवटचा गुण कसा खेळला? यांतला तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण थकलेला माणूस आणि कंटाळलेला माणूस यांच्या धावसंख्येत फरक दिसत नाही, शेवटच्या गुणात दिसतो. थकलेला चेंडूपर्यंत पोचत नाही. कंटाळलेला निघतच नाही.

दिवाळीच्या दिवसांत पॅरिसचे सामने आपल्याकडे दुपारी सुरू होऊन मध्यरात्रीपर्यंत चालतात. फराळाची ताटे पुढे घेऊन घरातली थोरली-धाकटी मंडळी ते पाहत असतात, आणि थोरांनी उच्चारलेले निकाल धाकट्यांच्या कानी पडत असतात. ज्या घरात खेळाडूला 'संपला' म्हणण्याची सवय लागते त्या घरात सहामाहीचे गुण घेऊन आलेल्या मुलालाही तोच शब्द ऐकावा लागतो, निवृत्तीला आलेल्या वडीलधाऱ्यालाही लागतो. म्हणून ही बाब मला निव्वळ टेनिसची वाटत नाही. पडद्यावर एखादा दमलेला खेळाडू दुसऱ्या सर्व्हिससाठी चेंडू उडवीत उभा असेल, तर त्याच्या मागच्या दहा महिन्यांची चौकशी करावी आणि तो चेंडू कसा मारतो तेवढे शांतपणे पाहावे. निकाल द्यावयास पंच तेथे बसलेलेच आहेत.